मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेली लेन्स पुन्हा बदलता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या ताईंचे वडील ६६ वर्षांचे निवृत्त शिक्षक असून साताऱ्याजवळ राहतात. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि चष्मा लागू नये म्हणून मल्टिफोकल, म्हणजे दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारी, लेन्स बसवली गेली. वर्तमानपत्र ते चष्म्याशिवाय वाचतात, परंतु संध्याकाळ झाली की समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती त्यांना एकात एक कडी दिसतात, आणि दिवसासुद्धा सगळे जरा मळकट काचेतून पाहिल्यासारखे वाटते. तीन डॉक्टरांकडून तीन मते मिळाली. एकांनी ‘पडद्याला लेसर मारला की साफ दिसेल’ असे सांगितले, दुसऱ्यांनी लेन्स बदलावी लागेल म्हणून सांगितले, आणि तिसऱ्यांच्या मते एकदा बसलेली लेन्स आत चिकटते, ती आता निघायची नाही. डावा डोळा अजून व्हायचा आहे. अशा वेळी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

लेन्स बदलता येते. पाच महिन्यांनी येते, आणि हाताला सवय असलेला शल्यचिकित्सक असेल तर पाच वर्षांनीही बहुधा येते. मात्र तिन्ही डॉक्टरांच्या बोलण्यात थोडे थोडे तथ्य आहे, आणि कोणती गोष्ट आधी करायची व कोणती नंतर, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. म्हणून बाकीचे सविस्तर सांगण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगते. लेन्स बदलायची की ठेवायची याचा निर्णय पक्का होईपर्यंत त्या डोळ्यावर लेसर करून घेऊ नका.

‘पडदा’ या शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर जो संवेदनशील थर असतो, म्हणजे दृष्टिपटल, त्यालाही रुग्ण पडदाच म्हणतात, आणि मोतीबिंदूनंतर लेन्सच्या मागे जी साय धरते तिलाही ‘पडदा आला’ असेच म्हणतात. मधुमेहाच्या रुग्णाचा ‘पडद्याचा लेसर’ हा पहिल्या पडद्याचा असतो. तुमच्या वडिलांना जो सुचवला आहे तो दुसऱ्याचा. त्याला यॅग लेसर म्हणतात, तो दोन-चार मिनिटांत होतो, दुखत नाही, आणि योग्य रुग्णाला त्याने लगेच स्वच्छ दिसू लागते. तो इतका सोपा आहे हीच त्यातली अडचण आहे. ‘करून तर बघू’ म्हणून तो केला जातो, आणि मग जे दार उघडे होते ते बरेचसे बंद होते.

हे नीट समजण्यासाठी आत काय असते ते पाहू. आपले नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असते. शस्त्रक्रियेत त्या पिशवीच्या पुढच्या बाजूला साधारण ५ मिलिमीटर व्यासाचे गोल तोंड पाडतात, आतला गढूळ मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून शोषून घेतात आणि रिकाम्या झालेल्या त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स ठेवतात. लेन्सचा मधला गोल भाग सुमारे ६ मिलिमीटरचा असतो आणि तिला दोन्ही बाजूंनी वाकड्या दांड्या असतात. आम्ही त्यांना हॅप्टिक म्हणतो, रुग्णांना सांगताना लेन्सचे पाय म्हणते. हे पाय पिशवीच्या कडेला टेकून लेन्स मध्यावर धरून ठेवतात. पिशवीची मागची भिंत सुमारे ४ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतकीच जाड असते. कांद्याचा पापुद्राही तिच्यापुढे गोणपाट वाटावा इतकी ती तलम असते. या भिंतीच्या मागे व्हिट्रिअस नावाची जेली असते, जी मागच्या बाजूला दृष्टिपटलाला जोडलेली असते. भिंत शाबूत आहे तोवर जेली आपल्या जागी राहते आणि डोळ्याच्या पुढच्या भागात काम करणे तुलनेने निर्धोक असते. यॅग लेसर नेमके याच भिंतीला मध्यभागी भोक पाडतो. त्यानंतर लेन्स काढायला गेले तर जेली पुढे येऊ शकते, ती कापून काढावी लागते, नवी लेन्स त्याच पिशवीत ठेवणे बहुतेक वेळा जमत नाही, आणि दृष्टिपटल सुटण्याचा धोका वाढतो. लेसर झालेल्या डोळ्यांतही मी लेन्स बदललेल्या आहेत, परंतु अशा प्रत्येक वेळी टेबलापाशी बसताना मनात एकच विचार असतो, की हा लेसर झाला नसता तर बरे झाले असते.

तिसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे ‘चिकटते’ येथपर्यंत खरे आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत पिशवीची पुढची कडा लेन्सवर आकसून बसते, मागे राहिलेल्या पेशी तंतू तयार करतात, आणि पिशवी लेन्सभोवती प्लास्टिकच्या आवरणासारखी घट्ट लपेटली जाते. पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत हे सोडवणे सोपे, नंतर क्रमाक्रमाने कठीण. आजकालच्या एकसंध, म्हणजे पायांसकट एकाच तुकड्याच्या, ॲक्रिलिक लेन्सच्या काही प्रकारांत पायांची टोके गाठीसारखी फुगीर असतात, त्यांच्याभोवती पिशवी अशी काही मिटते की टोक ओढून निघतच नाही. तसे झाले तर पाय तिथेच कापून टोक आत ठेवून द्यायचे, ते कुणाला त्रास देत नाही. हट्टाने ओढले तर पिशवीला धरून ठेवणारे बारीक तंतू तुटतात. तेव्हा ‘निघायची नाही’ याचा अर्थ मी ‘माझ्याकडून निघायची नाही’ असा घेते, आणि असे स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला आदरच वाटतो.

आता मूळ प्रश्न, की दोष लेन्सचा आहे का. येथे मी रुग्णाला पहिला प्रश्न विचारते तो असा: पट्टी काढली त्या आठवड्यापासूनच असे दिसत होते, की आधी छान दिसत होते आणि मग हळूहळू धुरकट झाले? आधी काही महिने समाधान होते आणि नंतर बिघडले, तर मागे साय धरली असण्याची शक्यता मोठी आणि लेसरने ती जाईल. पहिल्या दिवसापासून तक्रार तीच आणि तेवढीच असेल, तर साय हे कारण नव्हे, कारण साय धरायला वेळ लागतो. तुमच्या मजकुरावरून वडिलांना कडी अगदी सुरुवातीपासून दिसत असावीत असे वाटते, परंतु तुम्ही ते त्यांनाच विचारा, आणि स्वतः उत्तर सुचवू नका.

मल्टिफोकल लेन्सवर सूक्ष्म वर्तुळाकार पायऱ्या कोरलेल्या असतात. त्या आत येणारा प्रकाश वाटून टाकतात, काही दूरच्या दृष्टीसाठी, काही जवळच्या, तर काही अगदीच वाया जातो. दिवसा बाहुली लहान असते आणि उजेड भरपूर असतो, त्यामुळे हे फारसे जाणवत नाही. रात्री बाहुली मोठी होते, काळ्या पार्श्वभूमीवर एकच प्रखर दिवा समोर येतो, आणि त्याचे दुसऱ्या केंद्रावरचे अस्पष्ट चित्र कड्यांच्या रूपाने मुख्य चित्राभोवती दिसते. याचा अर्थ लेन्स खराब निघाली असा नाही. लेन्स तिच्या रचनेप्रमाणेच वागते आहे. बऱ्याच जणांचा मेंदू तीन ते सहा महिन्यांत या कड्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो, जसे घराजवळून जाणाऱ्या रेल्वेचा आवाज काही दिवसांनी ऐकू येईनासा होतो. काहींचा शिकत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. जो माणूस रोज रात्री महामार्गावरून गाडी चालवतो, किंवा ज्याला बारकाईने पाहण्याची आयुष्यभराची सवय आहे, त्याला ही लेन्स सुचवताना आम्ही दहा वेळा विचार करायला हवा. शिक्षकी पेशातली माणसे या बाबतीत काटेकोर निघतात, असा माझा अनुभव आहे. मी हे थट्टेने म्हणत नाही, माझे वडीलही शिक्षकच होते.

परंतु मल्टिफोकल आहे म्हणजे तीच गुन्हेगार, असेही धरून चालू नये. या लेन्सच्या डोळ्यात बाकीचे लहानसहान दोष फार मोठे होऊन दिसतात. अर्ध्या नंबराचा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, राहिला असेल तर साध्या लेन्सचा रुग्ण त्याची दखलही घेत नाही, या लेन्सचा मात्र बेजार होतो. डोळे कोरडे असतील तर प्रत्येक उघडझापेगणिक दृष्टी बदलते, आणि वयाच्या साठीनंतर, त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या थेंबांनी, डोळे कोरडे होणे अगदी नेहमीचे आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज असेल किंवा वर पातळ आवरण चढलेले असेल, तर दिवसाचा मळकटपणा त्यामुळे असू शकतो, आणि ते साध्या तपासणीत निसटते. म्हणून लेन्सला हात लावण्यापूर्वी मला पुढच्या गोष्टी झालेल्या हव्या असतात: बाहुली मोठी करून लेन्स मध्यावर बसली आहे का हे पाहणे, दृष्टिपटलाचा ओसीटी म्हणजे त्याच्या थरांचे प्रकाशाने काढलेले चित्र, पारपटलाच्या म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा, अश्रूंची तपासणी, आणि अतिशय शांतपणे, घाई न करता काढलेला चष्म्याचा नंबर. उरलेला नंबर सापडला तर त्याचा साधा चष्मा करून वडिलांना महिनाभर रात्री वापरायला द्यावा. कोरडेपणा असेल तर त्याचे थेंब दोन महिने नियमाने घालावेत. रात्री बाहुली फार मोठी होऊ न देणारे थेंबही असतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने संध्याकाळच्या प्रवासापुरते ते घालून पाहता येतात. एवढ्याने निम्मी तक्रार गेली तर कित्येक जण लेन्स बदलण्याचा विचार स्वतःहूनच सोडून देतात. नाही गेली, तर आपण काही गमावलेले नसते, मागची भिंत शाबूतच असते.

लेन्स बदलण्याची इतर कारणेही सांगते, कारण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची अडचण वेगळी असू शकेल.

नंबर चुकणे हे त्यातले सर्वांत जुने. हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिली कृत्रिम लेन्स डोळ्यात बसवली, आणि त्या पहिल्याच रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर मोठा मायनस नंबर राहिला. म्हणजे लेन्स जेवढी जुनी, तेवढीच ही तक्रारही जुनी. आज लेन्सचा नंबर डोळ्याची लांबी आणि पारपटलाची वक्रता मोजून काढतात. आता नवी सूत्रे वापरली जातात, परंतु आमच्या शिकण्याच्या काळात जे एसआरके सूत्र पाठ करावे लागे त्यावरून मुद्दा चटकन कळतो: लेन्सच्या ठरावीक स्थिरांकातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट आणि वक्रतेची ०.९ पट वजा करायची. स्थिरांक ११८, लांबी २३.५ मिलिमीटर आणि वक्रता ४४ असेल, तर उत्तर १९.६५ येते, म्हणजे साडेएकोणीसची लेन्स. लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर लेन्स अडीच नंबरांनी चुकते. पूर्वी लेसिक, म्हणजे पारपटलावरचा लेसर, करून चष्मा घालवलेल्यांच्या डोळ्यांत वक्रतेचे माप फसवे येते, आणि अशांना शस्त्रक्रियेनंतर अनपेक्षित प्लस नंबर राहण्याचा धोका असतो. तरुणपणी लेसिक केले असेल तर ते मोतीबिंदूच्या वेळी आवर्जून सांगा. ‘त्याला वीस वर्षे झाली, आता काय सांगायचे’ म्हणून गप्प बसू नका.

माझ्या हातूनही हे घडले आहे. उमेदीच्या काळात, एका शिबिराच्या दिवशी एकाच आडनावाच्या दोन बायकांची मोजमापाची चिठ्ठी बदलली गेली, आणि एकीला हवी त्यापेक्षा तीन नंबरांनी जास्त शक्तीची लेन्स बसली. तिसऱ्या दिवशी तपासले तर चष्म्याचा नंबर उणे दोनच्या आसपास. मी कबुली दिली, क्षमा मागितली, आणि लेन्स विनामूल्य बदलून देते म्हणून सांगितले. त्या बाई शिवणकाम करीत. त्यांनी पर्समधून सुई काढली, माझ्यासमोर चष्म्याशिवाय दोरा ओवला आणि म्हणाल्या, ‘डॉक्टरबाई, हिला हात लावू नका.’ दूरचा चष्मा त्यांनी आनंदाने लावला. त्या दिवसापासून शस्त्रक्रियागृहात रुग्णाचे नाव, डोळा आणि लेन्सचा नंबर तीन जणांनी मोठ्याने वाचायचा असा नियम मी केला, आणि कागदावरचा आकडा चुकला म्हणून लेन्स बदलायची घाई करणेही सोडले.

लेन्स स्वतःच गढूळ होणे हे दुसरे कारण, आणि ते ओळखण्यात वारंवार चूक होते. हायड्रोफिलिक ॲक्रिलिक, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या प्रकारच्या काही लेन्समध्ये काही वर्षांनी कॅल्शियमचे क्षार साठतात. डोळ्यात हवा किंवा वायू भरण्याची दुसरी शस्त्रक्रिया झाली असेल तर हे अधिक वेळा दिसते. माझ्याकडे आलेले एक शेतकरी गृहस्थ चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेले होते. दृष्टी धूसर झाल्यावर अन्यत्र त्यांना साय समजून यॅग लेसर केला गेला होता, फरक पडला नाही म्हणून पुन्हा एकदा केला गेला होता. सूक्ष्मदर्शकाच्या तिरप्या प्रकाशात पाहिले तर लेन्सच्या पृष्ठभागावर बारीक मीठ शिंपडल्यासारखे कण होते आणि मागे मात्र लेसरचे सुबक भोक होते. साय कधी नव्हतीच. त्यांची लेन्स बदलली, दृष्टीही सुधारली, पण जी शस्त्रक्रिया पाऊण तासाची झाली असती ती दोन तासांची झाली आणि नवी लेन्स पिशवीत ठेवता आली नाही.

लेन्स जागेवरून सरकणे हे तिसरे. लगेच सरकली तर ती बहुधा पिशवीत नीट बसलेली नसते. दहा-पंधरा वर्षांनी सरकली तर पिशवीसकटच खाली लोंबते, कारण पिशवीचे तंतू झिजलेले असतात. मोठा मायनस नंबर असलेल्यांत, जुना मार लागलेल्यांत आणि स्यूडोएक्सफोलिएशन नावाच्या विकारात असे होते. एकसंध ॲक्रिलिक लेन्स पिशवीबाहेर, परितारिकेच्या म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीच्या मागच्या खाचेत ठेवली गेली असेल तर तिचे जाड पाय परितारिकेला घासतात, मधूनमधून डोळा लाल होतो, दाब वाढतो, आत थोडे रक्त येते व दृष्टी काही तास धूसर होऊन पुन्हा सुधारते. असा लपंडाव चालू असेल तर ती लेन्स काढलीच पाहिजे, तिथे थांबण्यात अर्थ नाही. याउलट टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर घालवणारी, लेन्स नुसती फिरलेली असेल तर ती बदलायची गरज नसते, पुन्हा योग्य कोनात फिरवली की झाले. एक अंश फिरल्याने तिचा सुमारे ३.३ टक्के परिणाम कमी होतो, आणि ३० अंश फिरली तर काहीच उरत नाही. फक्त नंबरच चुकला असेल तर बदलण्याऐवजी चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, पारपटलावरचा लेसर, किंवा पहिल्या लेन्सच्या पुढे दुसरी पातळ लेन्स बसवणे, असे पर्याय आहेत. बरेच दिवस उलटून पिशवी घट्ट झाली असेल तर मी स्वतः हे पर्याय आधी पाहते.

प्रत्यक्ष लेन्स बदलताना काय होते, हे तुमच्या वडिलांना जाणून घ्यायला आवडेल. केवळ थेंबांच्या भुलीवर मी हे करीत नाही, डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन डोळा पूर्ण स्थिर करते. कडेला दोन सूक्ष्म छेद आणि एक मुख्य छेद, जो घडी घालता येणाऱ्या लेन्ससाठी तीन मिलिमीटरच्या आसपास पुरतो. जुन्या काळच्या कडक पीएमएमए लेन्स कापत नाहीत, त्यांना मात्र सहा मिलिमीटरचा छेद आणि टाके लागतात. पहिले काम असते पिशवीची पुढची कडा लेन्सवरून सोडवण्याचे. ती पांढरट, ताठ झालेली असते. एका बारीक सुईचे टोक कडेखाली सरकवायचे आणि मधासारखे दाट, पारदर्शक द्रव्य थेंबाथेंबाने आत सोडायचे. कढईतल्या दुधावरची साय न फाडता सुईने उचलायची असावी, तसे ते काम असते. द्रव्य जिथे वाट काढील तिथेच आपण जायचे, आपण वाट पाडायची नाही. ते लेन्सच्या मागे पसरले की मिटलेली पिशवी हळूहळू फुगून उघडते, आणि त्या क्षणी आपलाही श्वास मोकळा होतो. मग लेन्स आत गोल फिरवत एकेक पाय बाहेर काढायचा, सारी लेन्स परितारिकेच्या पुढे आणायची, आणि सूक्ष्म कात्रीने तिचे दोन तुकडे करून एकेक तुकडा छेदातून काढायचा. मी बहुतेक वेळा जुनी लेन्स कापण्यापूर्वीच नवी लेन्स खाली पिशवीत ठेवते, म्हणजे कात्री किंवा तुकड्याची कड निसटली तरी तिचा मार नव्या लेन्सवर जातो, मागच्या भिंतीवर जात नाही.

पिशवी टिकली तर नवी लेन्स पिशवीतच बसते, हे उत्तम. ती फाटली, पण पुढची कडा भक्कम असेल, तर तीन भागांची, बारीक पायांची लेन्स पिशवीच्या पुढे खाचेत ठेवतात. पिशवीचा आधार अजिबात नसेल तर लेन्स परितारिकेला चिमट्यासारखी पकडवतात किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत तिचे पाय अडकवतात. भारतात या कामाची मोठी परंपरा आहे. परितारिकेला धरणारी लेन्स हॉलंडचे यान वोर्स्ट यांची. ती आपल्याकडे अमृतसरच्या दलजीत सिंग यांनी रुजवली. चेन्नईच्या अमर अग्रवाल यांनी २००७ मध्ये जैविक गोंदाच्या साहाय्याने लेन्सचे पाय पांढऱ्या भिंतीत बसवण्याची पद्धत पुढे आणली, आणि २०१७ मध्ये जपानच्या शिन यामाने यांनी पायांची टोके उष्णतेने फुगवून, टाके व गोंद दोन्हींशिवाय ती अडकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘आत गेल्यावर पिशवी फाटलेली निघाली तर तुम्ही काय कराल, आणि ती लेन्स तेव्हा टेबलावर हजर असेल का?’ याचे उत्तर विचार न करावा लागता आले पाहिजे.

धोके लपवण्यासारखे नाहीत. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा या शस्त्रक्रियेत ते अधिक असतात. पिशवी फाटणे, जेली पुढे येणे, दृष्टिपटलाच्या मध्यावर सूज येणे, दाब वाढणे, क्वचित जंतुसंसर्ग किंवा दृष्टिपटल सुटणे, हे सगळे घडू शकते. पारपटलाच्या आतल्या थरातल्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत त्यांतल्या काही जातात. साधारण त्या वयात प्रत्येक चौरस मिलिमीटरमध्ये दोन ते अडीच हजार पेशी असतात. आधीच हजाराच्या खाली असतील तर मी लेन्स बदलण्याबाबत पुष्कळ मागेपुढे पाहते, कारण संख्या पाचशेच्या आसपास घसरली की पारपटलाला सूज येण्याची भीती असते. ही मोजणी करून घ्या. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे दिसले, काळे ठिपके एकाएकी वाढले किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डोळा दाखवायचा.

वडिलांना आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. मल्टिफोकल काढून साधी, एकाच अंतराची लेन्स बसवली की रात्रीची कडी बहुतांशी जातील आणि दिवसाचे चित्र ठसठशीत होईल, पण वर्तमानपत्र वाचायला चष्मा लागेल. आज ते जे सहज करतात ते त्या दिवसापासून बंद होईल. हे ऐकून काही जण विचार बदलतात. त्यांना घरी आठवडाभर एक गोष्ट लिहायला सांगा: रोज रात्री कड्यांमुळे अडचण कितीदा आली, आणि चष्मा न शोधता वाचता आल्याचा फायदा कितीदा झाला. ही वही घेऊन आलेल्या रुग्णाशी बोलणे फार सोपे जाते.

डाव्या डोळ्याची तारीख सध्या पुढे ढकला. दोन्ही डोळ्यांत मल्टिफोकल असल्यावर मेंदू लवकर रुळतो असे काही वेळा सांगितले जाते, आणि ते काही रुग्णांत खरेही ठरते, परंतु पहिल्या डोळ्याबद्दल जो माणूस पाच महिने असमाधानी आहे त्याच्या दुसऱ्या डोळ्यात तीच लेन्स ठेवायला मी तयार होणार नाही. डाव्या डोळ्यात साधी लेन्स बसवावी. तिचा नंबर दूरच्या दृष्टीचा ठेवला तर रात्री गाडी चालवताना मेंदू त्या स्वच्छ चित्रावर विसंबू लागतो, आणि उजव्या डोळ्याची मल्टिफोकल जवळचे वाचन सांभाळते. अशा जोडीवर समाधानी असलेले रुग्ण माझ्याकडे आहेत. मग उजवी लेन्स बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. हे मी सर्वांत आधी सुचवीन, अर्थात उजव्या डोळ्यात कोरडेपणा, उरलेला नंबर आणि दृष्टिपटल यांचा निकाल लावल्यानंतर. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून कोवळा असेल आणि तेवढे थांबायचे नसेल, तर उजवी लेन्स बदलण्याचा निर्णय पुढच्या दोन-तीन महिन्यांत घ्यावा, वर्षभर लांबवू नये.

भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड न्या. त्यावर लेन्सचे एक छोटे स्टिकर चिकटवलेले असते. कंपनी, मॉडेल, नंबर आणि अनुक्रमांक त्यावर छापलेला असतो. घरातल्या फाइलमध्ये ते सापडले नाही तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथल्या नोंदवहीतून त्याची प्रत मागा, ती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. त्याबरोबर शस्त्रक्रियेपूर्वीच्या मोजमापाचा कागदही मागा. काढायची लेन्स कोणत्या आकाराची, पायांची टोके फुगीर की सरळ, आणि नव्या लेन्सचा नंबर किती ठेवायचा, हे त्या दोन कागदांवरून निम्मे ठरते. ते नसतील तर मला सगळे पुन्हा मोजावे लागते, आणि तरीही जुनी लेन्स नेमकी कोणत्या नंबराची होती हे ती बाहेर काढल्यावरही कळत नाही.